बांध कुणाचा

चपला काढून ठेवा, इथं त्यांचा उपयोग नाही. चिखल मांडीपर्यंत आहे आणि कुजलेल्या तिवराच्या पानांचा उग्र वास नाकात बसलाय. सन 1760 च्या आसपासचा माघ महिना. नागोठण्याच्या खाली अंबा नदी रुंद होत जाते आणि तिची धरमतरची खाडी होते. त्या खाडीच्या काठावर तुम्ही माणसांच्या रांगेत उभे आहात. मागचा माणूस चिखलाची ओली ढेप तुमच्या हातात देतो, तुम्ही ती पुढच्याला देता. ढेप नीट धरली नाही तर बोटांतून निसटते, आणि निसटली की मागून शिवी येते. सकाळपासून हेच चाललंय.

आजचा दिवस ठरवून घेतलेला आहे. इथल्या पोराटोरांनाही येणारं गणित असं, की तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ निघते. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती, आणि भर दुपारी सुकती. शिवाय हा भांग आहे, पाणी फारसं चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर तेच पाणी पाच मीटरच्या घरात वरखाली होतं आणि भरती नेमकी मध्यान्हीला आणि मध्यरात्री येते. त्या दिवसांत इथं उभं राहण्याची सोय नाही.

बांध दोन्ही बाजूंनी जवळ आणत आणलाय. आता मधलं तोंड तेवढं राहिलंय, आणि सगळ्यांत अवघड तेच. तोंड जितकं अरुंद होतं, तितकं त्यातून जाणारं पाणी जोर धरतं. मेढी ठोकल्यात, त्यांच्यामध्ये पेंढ्याचे भारे आणि झाडाच्या फांद्या दाबल्यात, वर दगड, दगडांवर चिखल. सूर्य कलायला लागला की ओरडा सुरू होतो. पाणी फिरलं! खाडीच्या मधल्या धारेत पानं उलट दिशेला वाहायला लागली आहेत. बायका डोक्यावरच्या पाट्या तोंडाशीच रिकाम्या करतात, म्हातारे पायांनी चिखल तुडवतात. तुम्ही आता रांगेत नाही, तोंडावर आहात, कमरेपर्यंत पाण्यात, पाठ पेंढ्याच्या भाऱ्याला लावून. अंधार पडताना भरती बांधाच्या अंगाला लागते, चढते, आणि वरच्या कडेपासून हातभर खाली थांबते. बांध ठिकठिकाणी पाझरतोय, पण उभा आहे.

तुम्हाला वाटेल, उद्यापासून इथं शेत. तसं नाही. तीन पावसाळे पुढं चला. बांधाच्या आतल्या जमिनीवर उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा येतो, तो पायाखाली कुरकुरतो. पहिल्या वर्षी पावसाचं पाणी आत साठवून ते मीठ विरघळवलं आणि उघाडीतून खाडीत सोडलं. दुसऱ्या वर्षीही तेच. मग कुठं कोपऱ्याकोपऱ्याने गवत दिसायला लागलं.

उघाडी जवळून बघा, कारण सगळ्या खारेपाटाचा, म्हणजे बांधाआडच्या या खाऱ्या जमिनीचा, जीव तिच्यात आहे. बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढलेली, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि झडप घट्ट बसते. सुकती लागली की आतलं पावसाचं पाणी ढकलतं आणि झडप उघडते. माणसाने हात लावायची गरज नाही, पण माणसाने लक्ष ठेवायची फार गरज आहे. झडपेत एक ओंडका अडकला, तरी रात्रीत शेकडो बिघे खारट होतात. आणि चिंबोऱ्या आहेतच. त्या बांधात बिळं करतात, बिळातून पाण्याची बोटाएवढी धार येते, ती मनगटाएवढी होते. म्हणून पावसाळ्यात रात्री कुणीतरी चूड पेटवून बांधावर फिरत असतो, आणि जिथं धार दिसेल तिथं पायाने चिखल दाबतो.

चौथ्या पावसाळ्यात भात पेरायचं. नांगर नाही, आवणही नाही. मोड आणलेलं बियाणं, रहू, चिखलात फेकायचं. बियाणं रात्याचं, लाल तांदळाचं, खारं पाणी सोसणारं. काळा राता, भुरा राता. दोनेकशे वर्षांनी शेतीशास्त्रज्ञ याच जातींतून निवड करतील, पनवेलला खारजमिनीचं संशोधन केंद्र निघेल, आणि ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’ अशा नावांची बियाणी याच काठांवर परत येतील. आत्ता तुमच्या ओंजळीत त्यांचे पूर्वज आहेत. पाऊस थांबला की जमिनीतलं मीठ वर यायला लागतं, त्याच्या आत दाणा भरला पाहिजे. खारेपाटातल्या भाताला हीच एक घाई असते.

आता हिशेब. कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की इथले पुष्कळसे बांध 1755 ते 1780 या पंचवीस वर्षांत झाले. पैसा असलेल्या माणसांनी ते घातले, आणि बाहेरचा मोठा बांध दुरुस्त ठेवण्याची हमी घेतली. ते शिलोत्रीदार. त्याबद्दल कुळाने बिघ्यामागे मणभर भात द्यायचं, सरकारी धारा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या जमिनींना कुळारग म्हणत. तिथं मध्ये कुणी शिलोत्रीदार नाही, कुळंच मिळून बाहेरचा बांध राखतात. या दोन शब्दांकडे मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येतो. पुढच्या अडीचशे वर्षांतलं सगळं भांडण त्यांच्यात आहे: बांध राखण्याचा मोबदला कुणी घ्यायचा आणि चिखलात कुणी उतरायचं.

याच सुमाराला पलीकडे मुंबईत गव्हर्नर हॉर्नबी वरळीजवळचं समुद्राचं तोंड बुजवत होता. ते काम 1784 च्या आसपास पुरं झालं आणि हॉर्नबीचं नाव नकाशावर चढलं. मुंबई बेटं जोडून कशी झाली ते शाळेत शिकवतात. धरमतरच्या काठावर त्याच जातीचं काम, त्याच दशकांत, त्याहून साध्या हत्यारांनी झालं. त्या रांगेत तुमच्या पुढे-मागे जे आगरी आणि कोळी उभे होते, त्यांतलं एकही नाव कुठं लिहिलेलं नाही.

पुढचं शतक झपाट्याने ओलांडा. 1818 ला पेशवाई गेली, 1840 ला कुलाब्याचं आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं. धरमतरच्या धक्क्यावर मुंबईहून आगबोट लागते. महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेब याच खाडीने नागोठण्यापर्यंत जातात, आणि त्यांच्या आगबोटीमागे भाताने भरलेले मचवे आणि पडाव मुंबईकडे निघतात. आगबोटीच्या कठड्याला टेकून बघितलंत, तर दोन्ही काठांना एक सरळ काळी रेघ दिसेल. बसलेल्या माणसाला ती नैसर्गिक काठ वाटते.

अशी रेघ जगात आणखी एका ठिकाणी अभिमानाने दाखवली जाते, म्हणून एक पाऊल तिकडे टाकू. हॉलंडमधली समुद्रसपाटीच्या खालची गावं बघितलीत, तर तिथं तेराव्या शतकापासून पाण्याच्या पंचायती आहेत. त्या बांधासाठी स्वतंत्र कर घेतात, बांधाची तपासणी करतात, हयगय करणाऱ्याला दंड करतात. त्या देशात जुना कायदा होता, की आपल्या वाट्याचा बांध राखणं ज्याला झेपत नाही, त्याने आपलं फावडं बांधात रोवून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध. कायदा कठोर आहे, पण त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे: जमीन आणि बांध वेगळे करता येत नाहीत. 1953 च्या फेब्रुवारीत वादळाने तिथले बांध फोडले आणि 1,836 माणसं मेली. त्यानंतर अख्ख्या देशाने चार दशकं त्या कामाला वाहून घेतलं. आपल्याकडे खारेपाट बुडतो तेव्हा ती तालुक्याची बातमी असते.

परत या. 1933 चा ऑक्टोबर, दिवाळी नुकतीच झालेली. पोयनाडजवळचं चरी गाव. अंगणात कंदील ठेवलाय आणि भोवती पंचवीस गावांची माणसं बसली आहेत. तुमच्या शेजारचा गडी सांगतोय, की खळ्यावरून भात घरी येईपर्यंत किती उरतं. खोताचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मक्ता, त्यावरचं व्याज, वर वेठ. कबुलायतीवर अंगठा आपला, वाचून दाखवणारा खोताचा. शेताच्या बांधावर लावलेल्या भाजीवरही त्याचा डोळा. शहापूर-धेरंडकडचे नारायण नागू पाटील उभे राहतात. ते काय बोलले ते शब्दशः माझ्याकडे नाही, आणि मी ते रचणार नाही. ठरलं ते मात्र साधं होतं: खोताची जमीन कसायची नाही.

संप म्हणजे काय ते पुढच्या पावसाळ्यात कळतं. मृगाचा पाऊस पडतो आणि तुम्ही रहू टाकायला जात नाही. हात शिवशिवतात. घरात भात नाही. बायका डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून बाजारात विकतात, पुरुष खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात, कुणी मजुरीला बाहेरगावी जातं. शेतात गवत माजतं. जी जमीन आज्या-पणज्यांनी समुद्राकडून घेतली, ती डोळ्यांदेखत ओस पडलेली बघायची, आणि तरी शेतात उतरायचं नाही. एक हंगाम नाही, दोन नाही. संप 1939 पर्यंत चालला. 1934 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1939 च्या कूळ कायद्यामागे, आणि 1948 च्या कायद्यामागेही, या उपाशी घरांचं वजन आहे. महाराष्ट्रात शेतकरी संपाची चर्चा निघते तेव्हा चरीचं नाव घेतलं जातं, पण बहुतेकदा संपाचं वर्ष सांगून लोक पुढे जातात. सहा वर्षं चूल कशी पेटली हे विचारत नाहीत.

मग कायदे आले, एकामागून एक. खोती गेली. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनाला, कसणारं कूळ मालक झालं. तुमच्या नावावर सातबारा झाला. आणि याच वर्षांत दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 1948 च्या मुंबई खारजमीन कायद्याने बाहेरचे बांध सरकारी मंडळाकडे जायला लागले, आणि 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने त्याची पक्की व्यवस्था झाली. हेतू चांगला होता. दगडी पिचिंग, सिमेंटच्या उघाड्या, लोखंडी झडपा ही कामं गावाच्या खिशाबाहेरची होती. पण ज्या पिढीच्या हातात जमिनीचा हक्क पहिल्यांदा आला, त्याच पिढीच्या हातून बांध सुटला. शेत माझं, बांध सरकारी खात्याचा. माझ्या मते खारेपाटाच्या अलीकडच्या सगळ्या दुःखाचं मूळ या एका वाटणीत आहे.

ती वाटणी रात्री कशी दिसते ते बघा. 1990 च्या आसपासचा एक श्रावण, अमावास्या. पेणच्या बाजूचं कुठलंही खारं गाव घ्या, नारवेल-बेनवल्याच्या पट्ट्यातलं. दिवसभर पाऊस, वर घाटात त्याहून जास्त, म्हणून अंबा फुगलेली. तिथी सांगते की भरती मध्यरात्रीची. तुम्ही ओटीवर जागेच आहात. कुत्री एकदम भुंकायला लागतात, आणि बांधाच्या बाजूने हाक येते: खांड गेली!

धावत जाता तेव्हा खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बैलगाडीच्या रुंदीची आहे. बॅटरीच्या उजेडात पाणी गढूळ दिसत नाही, काळं आणि गुळगुळीत दिसतं, आणि ते आत येताना आवाज करत नाही. आवाज बांधाच्या ढासळणाऱ्या कडा करतात. पोती आणा, कुणीतरी ओरडतं. पोती कुठाहेत? खात्याच्या कोठारात. आज्याच्या वेळी घराघरांत पेंढा आणि मेढी तयार असत, कारण खांड आपली असे. दहा-बारा माणसं जमतात. जवान पोरं पाळीवर आहेत, कारखान्यात नाहीतर मुंबईत. सकाळी सुकतीला खांड दुप्पट झालेली असते. उभं भात पाण्याखाली, आणि पाणी चाखलंत तर खारट.

यानंतर अर्ज. पंचनामा, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. प्रत्येक पायरीला तिची कारणं आहेत आणि तिथं बसलेला माणूस वाईट नाही. पण खाडीला त्या पायऱ्या ठाऊक नाहीत, ती दिवसातून दोनदा येते. दुसऱ्या वर्षापर्यंत खांडीची उपनदी झालेली असते. धरमतर खाडीकाठची गणेशपट्टी अशीच गेली. नांदतं गाव होतं. शेतं गेली, मग पाणी घरांपर्यंत आलं, आणि माणसं बिऱ्हाडं उचलून दुसऱ्या गावांत राहायला गेली. पानशेतला धरण फुटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गणेशपट्टीचं नाव रायगड जिल्ह्याबाहेर किती जणांनी ऐकलंय?

खाडीतून आता मोठे बार्ज जातात, धरमतर आणि डोलवीच्या बाजूला कच्चा माल उतरवायला. त्यांच्या लाटा बांध खातात, असं काठावरचे शेतकरी सांगतात. बांधावर बसून एक बार्ज जाऊ द्या, मग पायाखाली बघा. लाट येते, आपटते आणि जाताना चिखलाचा घास घेऊन जाते.

पुढची तारीख 21 सप्टेंबर 2008, रविवार. भात निसवलंय. तुम्ही धुतलेला सदरा घालून शाळेत आला आहात आणि हातात मतपत्रिका आहे. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही? हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या 22 गावांना सरकारने हा प्रश्न मतदानाने विचारला. हे मतदान सुखासुखी मिळालं नव्हतं. त्याआधी दोन वर्षं मोर्चे होते, उपोषणं होती, एन. डी. पाटलांसारखे वृद्ध नेते उन्हात रस्त्यावर बसलेले होते. रांगेत तुमच्या पुढे एक आजी आहे. चरीच्या संपात तिचा बाप होता की नव्हता, हे मला माहीत नाही, पण तिला पेन नीट धरता येत नाही आणि तरी तिला खूण करायची घाई नाही. ती कागद दोनदा बघते. सेझचं भूसंपादन पुढे बारगळलं.

जमीन वाचली. पण हेटवण्याचं जे पाणी या शेतांना दुसरं पीक देणार होतं, ते सिडकोच्या वसाहतींकडे जातं, आणि पेणच्या वाशी-वढाव भागातल्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे मांडतात. चहूबाजूंनी पाणी, आणि घागरभर पिण्याचं नाही. त्या टँकरमागे धावणाऱ्या बायकांचे फोटो दर मे महिन्यात छापून येतात. त्यांच्या मागे दिसणारं हिरवं रान मात्र कुणी निरखून बघत नाही. ते शेत होतं.

आता आजचा दिवस. तुम्ही त्या रानाच्या कडेला उभे आहात. खांड गेली, वर्षभर कुणी बुजवली नाही, भरतीबरोबर तिवराची बियाणी तरंगत आत आली आणि चिखलात रुजली. तिसऱ्या वर्षी झाडं छातीइतकी झाली. 17 सप्टेंबर 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवन तोडणं बंद आहे, आणि ते योग्यच आहे. वादळी लाटेला पहिला अडसर तिवरांचाच असतो, आणि बांधाच्या बाहेर त्यांचा दाट पट्टा असेल तर बांध जास्त टिकतो. जिताडा, कोळंबी, निवटी सगळ्यांची पोरं त्यांच्या मुळांत वाढतात. पण बांधाच्या आतल्या रानाचं काय? सातबाऱ्यावर भातशेती, जमिनीवर कांदळवन. शेतकऱ्याने झाड तोडलं तर गुन्हा, न तोडलं तर शेत गेलं. त्याने काही केलंच नव्हतं. खांड दुसऱ्याच्या बांधाला पडली होती.

मला यात शेतकरी विरुद्ध तिवर असा सामना लावणं मान्य नाही. खाडीच्या बाजूचे तिवर राखायला आणि आतलं शेत राखायला लागतो तो एकच बांध आहे. खांड पडली की पहिल्या भांगाला ती बुजली, तर आत तिवर रुजतच नाही आणि वादही होत नाही. खात्याने दगडाची जड कामं जरूर करावीत, तो गावाचा घास नाही. पण रोजची राखण, झडपेतला ओंडका, चिंबोरीचं बीळ, बोटाएवढी धार, आणि खांडीच्या पहिल्या रात्रीची पोती, यांचे पैसे आणि अधिकार त्या-त्या खाराच्या शेतकऱ्यांच्या समितीकडे यायला हवेत, जिल्ह्याच्या टेबलावरून फिरून न येता. कुळारग म्हणून ही व्यवस्था याच काठांवर चालत होती. धरमतरच्या पुलावरून अलिबागला जाताना गाडी थांबवा आणि कठड्याशी उभे राहून दोन्ही काठ बघा. जिथं बांधाच्या आत हिरवा रंग भाताचा नाही, तिथं खांडीची तारीख विचारा, आणि ती बुजवण्याचा अर्ज सध्या कुठल्या टेबलावर आहे, तेही विचारा. गावातला कुणीही सांगेल. त्यांना दोन्ही पाठ आहेत.